अलंकार आधी कानात, मग पुस्तकात

संशोधनाचा विषय निवडताना एक चूक हमखास होते. पाठ्यपुस्तकात दिसलं म्हणजे ते वर्गात शिकवलं गेलं, असं आपण धरून चालतो.

इंग्रजीतले अलंकारच घ्या. महाराष्ट्रात इंग्रजी पूर्वी पाचवीपासून असायची. २००० साली ती पहिलीपासून आली. म्हणजे रत्नागिरीतल्या मराठी शाळेत यमकाची इंग्रजी गाणी सहाव्या वर्षीच कानावर पडू लागली. अलिटरेशन, ऑनोमॅटोपिया ही नावं मात्र पुढे, दहावीच्या रसग्रहणात मार्कांसाठी लागतात. मधल्या वर्षांत काय झालं? ते पुस्तक सांगणार नाही. वह्या, प्रश्नपत्रिका आणि शिक्षकांच्या आठवणी सांगतील.

आणखी एक बघा. कोकणातलं पोर पावसाची रिपरिप, वहाळाची खळखळ बोलतच शाळेत येतं. नादशब्द त्याला नवे नाहीत, नवं आहे ते इंग्रजी नाव.

याच जिल्ह्यातल्या मालगुंडचे केशवसुत (१८६६–१९०५) पेशाने शिक्षक. त्यांनी इंग्रजी सॉनेट मराठीत रुजवलं. उलटा प्रवास, म्हणजे मराठी कानाच्या आधाराने इंग्रजी कविता शिकवणं, वर्गात कितपत झाला? तुमचा संशोधन-प्रश्न इथून सुरू होऊ शकतो.