नाकाच्या ॲलर्जीवरील लेझर शस्त्रक्रिया

नाकाच्या ॲलर्जीवरील लेझर शस्त्रक्रिया : ॲलर्जीने सतत चोंदणारे नाक मोकळे करण्यासाठी नाकातील खालच्या टर्बिनेटच्या (नाकाच्या आतील भिंतीवरील उंचवट्याच्या) श्लेष्मल आवरणावर लेझर किरणांनी करण्यात येणारी शस्त्रक्रिया. औषधांनी पुरेसा आराम न पडलेल्या रुग्णांसाठी हा एक पर्याय आहे. तिने श्वासाचा अडथळा कमी होतो; ॲलर्जीची प्रवृत्ती मात्र शरीरात तशीच राहते.

विकाराचे स्वरूप : धुळीतील माइट, परागकण, बुरशी, पाळीव प्राण्यांच्या कातडीचा कोंडा अशा एरवी निरुपद्रवी पदार्थांविरुद्ध काही जणांच्या शरीरात आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार होतात. किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने १९६६ च्या सुमारास अमेरिकेत ती शोधून काढली. ही प्रतिपिंडे मास्ट पेशींना चिकटून राहतात. तोच पदार्थ पुन्हा नाकात शिरला, की या पेशींतून हिस्टामीन बाहेर पडते आणि लागोपाठ शिंका, खाज, पाण्यासारखी सर्दी व नाक चोंदणे हा सारा त्रास सुरू होतो. महाराष्ट्रात घरातील धूळ आणि पावसाळी ओलीत वाढणारी बुरशी यांच्या जोडीला गाजर गवताचे परागकणही हा त्रास देतात. या गवताची भारतातील सुरुवातीची नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली.

नाकाच्या दोन्ही बाजूंच्या बाहेरील भिंतींवर प्रत्येकी तीन टर्बिनेट असतात. त्यांपैकी सर्वांत खालचे आकाराने सर्वांत मोठे. आत पातळ हाड, वर श्लेष्मल आवरण आणि दोहोंच्या मध्ये रक्ताने फुगणाऱ्या शिरांचे जाळे, अशी त्याची रचना असते. आत येणारी हवा उबदार व दमट करण्याचे काम मुख्यतः तेच करते. निरोगी माणसातही दर काही तासांनी एका बाजूचे टर्बिनेट फुगते आणि दुसऱ्या बाजूचे ओसरते. जुनाट ॲलर्जीत ही सूज दोन्हीकडे ठाण मांडून बसते. ‘नाकात मांस वाढले आहे’ असे लोक म्हणतात ते पुष्कळदा हेच असते. पॉलिप, म्हणजे आवरणातून वाढणारी मऊ गाठ, हिच्याबद्दलही लोक हेच शब्द वापरतात. पॉलिपचे उपचार मात्र वेगळे आहेत.

इतिहास : थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये पहिला लेझर तयार केला. पुढे शस्त्रक्रियेत सर्वत्र रुळलेला कार्बन डाय-ऑक्साइड लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी शोधला. त्यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यातले. टर्बिनेटवर आर्गॉन लेझरचा वापर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीत सुरू झाला. नाकाच्या ॲलर्जीवर कार्बन डाय-ऑक्साइड लेझर वापरल्याचे जपानी डॉक्टरांचे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. डायोड, केटीपी, होल्मियम हे लेझरही वापरले जातात.

कृती : कार्बन डाय-ऑक्साइड लेझरची ऊर्जा पेशींतील पाण्यात शोषली जाते, त्यामुळे तो वरच्या थरापुरता काम करतो. डायोड लेझर रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये अधिक शोषला जातो आणि काहीसा खोल पोहोचतो. भाजलेल्या जागी पुढे व्रणऊतक तयार होते. शिरांचे जाळे व ग्रंथी आक्रसतात, आणि परागकण आले तरी आवरण पूर्वीइतके फुगत नाही.

शस्त्रक्रिया बहुधा भूल न चढवता, केवळ जागा बधिर करून होते. लिग्नोकेन व ॲड्रेनलिनमध्ये भिजवलेल्या कापसाच्या पट्ट्या काही वेळ नाकात ठेवतात. रुग्णाचे डोळे झाकतात, डॉक्टर व परिचारिका संरक्षक चष्मे लावतात आणि धूर नळीने ओढून घेतला जातो. दुर्बिणीतून पाहत दोन्ही बाजूंचे काम साधारणतः अर्ध्या तासाच्या आत आटोपते व रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. पहिले काही दिवस सुजेमुळे नाक आधीपेक्षाही जास्त चोंदते. नंतर खपल्या धरतात. त्या बोटाने न काढता मिठाच्या पाण्याने नाक धूत राहावे लागते. घाव भरायला काही आठवडे जातात.

परिणाम व मर्यादा : नाक चोंदण्यावर गुण सर्वांत चांगला येतो; शिंका व वाहत्या सर्दीवर तो कमी आणि बेभरवशाचा असतो. डोळ्यांच्या खाजेवर या शस्त्रक्रियेचा परिणाम अपेक्षित नसतो. आवरण पुन्हा वाढत असल्याने काही रुग्णांत एक-दोन वर्षांत त्रास परततो. इटलीतील पस्साली व सहकाऱ्यांनी ३८२ रुग्णांवर टर्बिनेटवरील शस्त्रक्रियेच्या सहा पद्धतींची सहा वर्षे तुलना केली (२००३). तीत आवरण राखून आतला भाग काढण्याची पद्धत दीर्घकाळासाठी सरस ठरली. रक्तस्राव, नाकाच्या पडद्याला आवरण चिकटणे व कोरडेपणा हे लेझरचे धोके आहेत. कोणत्याही पद्धतीने टर्बिनेट प्रमाणाबाहेर काढले गेले, तर नाक मोकळे असूनही पुरेसा श्वास मिळत नाही असे वाटण्याची अतिशय क्लेशकारक अवस्था उद्भवू शकते.

जपानमधील वापर : दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये सुगी या सूचिपर्णी वृक्षाची प्रचंड प्रमाणावर लागवड झाली. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये त्याचे परागकण देशाच्या बहुतेक भागांत उडतात. कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या कुटुंबांतील पाहणीत या परागकणांच्या ॲलर्जीचे प्रमाण १९९८ मध्ये १६.२ टक्के होते. २०१९ मध्ये ते ३८.८ टक्क्यांवर गेले. तेथे अनेक जण मोसमाआधीच, म्हणजे थंडीत लेझर करून घेतात. मोसम सुरू झाल्यावर सुजलेल्या आवरणावर ही शस्त्रक्रिया टाळली जाते.

निर्णयापूर्वी : आधी निदान पक्के हवे. त्वचेवरील चाचणी किंवा रक्ततपासणीने ॲलर्जी कशाची ते कळते. दुर्बिणीने पडद्याचा वाकडेपणा व पॉलिप दिसतात. सूज उतरवणारे थेंब घालून टर्बिनेट पाहिले आणि ते आकसले, तर अडथळा आवरणाचा आहे. न आकसल्यास तो हाडाचाही असू शकतो व तेथे लेझरचा उपयोग थोडा. हेच थेंब रोज घालण्याच्या सवयीनेही नाक कायमचे चोंदू लागते. अशा रुग्णाने प्रथम थेंब सोडणे आवश्यक असते.

स्टेरॉइड फवारा नियमित व योग्य पद्धतीने, म्हणजे नळीचे टोक पडद्यापासून दूर, बाहेरच्या बाजूला वळवून, काही आठवडे वापरल्याशिवाय ‘औषध लागू पडले नाही’ असे ठरवू नये. ॲलर्जीच्या मुळाशी जाणारा उपचार म्हणजे प्रतिकारशक्तीला त्या पदार्थाची हळूहळू सवय लावणे. लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये त्याची सुरुवात केली. इंजेक्शने किंवा जिभेखालील गोळ्यांच्या रूपात तो साधारण तीन वर्षे घ्यावा लागतो. मुले, गरोदर स्त्रिया, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे आणि दम्याचे रुग्ण यांच्याबाबत विशेष सावधगिरी हवी.

‘कायमचा इलाज’ म्हणून केलेली जाहिरात या शस्त्रक्रियेला लागू पडत नाही. मुख्य तक्रार नाक चोंदण्याची असेल, फवारा नीट वापरूनही रात्रीची झोप मोडत असेल आणि गुण कालांतराने ओसरू शकतो हे रुग्णाला मान्य असेल, तर लेझरचा विचार रास्त आहे. धूळ व परागकणांपासूनचा बचाव आणि गरजेपुरते औषध त्यानंतरही चालूच ठेवावे लागते.