मांडी, मेबॅक आणि बाळाची सीट

कोल्हापूर आणि गाड्या हे नातं जुनं. छत्रपती राजाराम महाराजांची मेबॅक आजही दसऱ्याला बाहेर येते आणि अख्खं गाव बघायला लोटतं. नाद खुळा! पण तिच्या जमान्यात, म्हणजे १९३० च्या दशकात, गाडीतल्या बाळाच्या सुरक्षेचा विचार फारसा कुणी करत नव्हतं. अमेरिकेत मुलांच्या खुर्च्या मिळायच्या, पण त्या कशासाठी? तर पोरगं उंचावर बसावं, बाहेर बघत गप्प राहावं म्हणून!

१९५९ मध्ये व्होल्वोच्या नील्स बोलिनने आजचा तीन टोकांचा पट्टा आणला, पण तो मोठ्यांसाठी. मग स्वीडनच्याच बर्टिल आल्डमन यांनी अंतराळवीरांच्या आसनांकडे बघितलं. उड्डाणाच्या वेळी ते पाठीवर रेललेले असतात, त्यामुळे सगळा जोर पाठीवर पसरतो. तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड, मान नाजूक. मग सीटच उलटी, मागे तोंड करून लावली तर? १९६४ मध्ये त्यांनी तसा नमुना बनवला. १९७८ मध्ये टेनेसी राज्यात अशा सीटचा कायदा लागू झाला, अमेरिकेतला पहिला.

आपल्याकडे? २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ब आलं : १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा बाळाच्या सीटविना असेल तर १००० रुपये दंड. पण घरोघरी आज्जींचा कायदा वेगळाच : "मांडीवर घे की गं, रडतंय ते!"

आज्जींचं चुकत नाही मंडळी, त्यांचा हिशोब बैलगाडीचा आहे. ताशी ५ किमीला मांडी पुरते. वेग दसपट झाला की ऊर्जा शंभरपट होते. ताशी ५० ला गाडी ०.१ सेकंदात थांबली, तर १० किलोचं बाळ हाताला सुमारे १४० किलोचं लागतं. कुठल्या आईच्या हातात राहील?

तर पुणे-कोल्हापूर हायवेला निघताना सीट मागच्या बाकावर, उलटी. एअरबॅगसमोर कधीच नाही. पट्टा घट्ट, जाड स्वेटर नको. दीड-दोन तासांनी थांबून बाळाला बाहेर काढा, पाजा, पाठ मोकळी करू द्या. आणि रंकाळ्यावर भेळ खाताना झोपलेलं बाळ बंद गाडीत ठेवू नका, पाच मिनिटंसुद्धा नाही.

आज्जींना मात्र बाळाशेजारची जागा द्या. मांडी नाही, पण बोट धरायला मिळतं की!