एका चुकीच्या संदर्भाची किंमत

फेब्रुवारी १९२२. ‘जर्नल ऑफ लॅबोरेटरी अँड क्लिनिकल मेडिसिन’मध्ये टोरांटोच्या बँटिंग व बेस्ट यांचा स्वादुपिंडाच्या अर्कावरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात बुखारेस्टच्या निकोलाय पाउलेस्कू यांचा उल्लेख आहे, पण उलटा!

पाउलेस्कूंनी ऑगस्ट १९२१ मध्येच फ्रेंच निबंधात दाखवले होते, की या अर्काने मधुमेही कुत्र्यांची रक्तशर्करा उतरते. टोरांटोच्या निबंधाने मात्र ‘बाह्य शिरेतून दिल्यास परिणाम नाही’ हे मत त्यांच्या नावावर घातले. छापण्यापूर्वी ही चूक कोणीही पकडली नाही.

रुग्णांवरील यशस्वी उपचाराचे श्रेय टोरांटोचेच. १९२३ चे नोबेल बँटिंग व मॅक्लिओड यांना मिळाले. पाउलेस्कूंचा आक्षेप व्यर्थ गेला. ते १९३१ मध्ये निवर्तले. बेस्ट यांचे खेदपत्र आले, ते १९६९ मध्ये!

मित्रहो, संदर्भ मुळातूनच वाचावा.