सगळ्यात थोर रेकॉर्ड कोणती?



मागच्या गौरी-गणपतीला आमच्या गटातल्या एकीचा मुलगा पुण्याहून मलकापूरला आला होता. आरती झाली, पंगत उठली, आम्ही झिम्मा-फुगडीला जमलो, आणि हा पोरगा सोप्यात बसून फोनवर कुणाशी तरी तावातावानं भांडत होता. आम्हाला वाटलं, पैशाची काहीतरी भानगड दिसते. आमच्यातल्या एक काकी पदर खोचून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "काय रं, कुणाला देणं लागतोस?" तर तो हसायला लागला. म्हणाला, "तसं काही नाही काकी. पिंक फ्लॉइडचा कुठला अल्बम सगळ्यात भारी, त्यावर चाललंय."

अल्बम म्हणजे आम्हाला लग्नाच्या फोटोंचा माहीत. मग त्यानं समजावून सांगितलं, आम्ही उलट प्रश्न विचारले, आणि त्या रात्री फुगडी राहिली बाजूला. ते भांडण पुढं आमच्या बचत गटाच्या तीन बैठकांना पुरलं. कर्जाचे हप्ते लिहून झाले की कुणीतरी म्हणायचंच, "मग, थोर रेकॉर्ड कुठली?" आजचं आमचं बोलणं त्याच भांडणाविषयी आहे.

आधी रेकॉर्ड म्हणजे काय ते बघू. आपल्या आजीच्या काळातली ती काळी तबकडी लाखेची असायची. कोल्हापुरी साजाच्या पानड्यांत सोनार जी लाख भरतो, तीच. पळसाच्या, बोरीच्या, कुसुंबाच्या झाडावर बसणाऱ्या बारक्या किड्यांपासून ती मिळते, आणि ती जगाला पुरवणारा मोठा देश आपलाच. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी एकत्र करून तबकडी दाबायची. हातातून पडली की कौलासारखी फुटायची. मिनिटाला ७८ फेरे घ्यायची आणि एका बाजूला गाणं मावायचं जेमतेम तीन मिनिटं. तीन मिनिटांत आपलं पायलीभर दळणसुद्धा होत नाही, आणि गवयांनी त्यात राग मांडायचा!

आपल्या देशात हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं ते १९०२ च्या नोव्हेंबरात, कोलकात्याला. इंग्रज कंपनीचा माणूस यंत्र घेऊन आला आणि गौहर जान या गायिकेचं गाणं त्यानं भरून घेतलं. गाणं संपलं की ती आपलं नाव इंग्रजीत सांगायची. ऐकणाऱ्याला तो नखरा वाटतो, पण त्यामागं कारण होतं. तबकड्या छापायला जर्मनीतल्या हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या कारागिरांना आपली भाषा कुठली कळायला? शेवटी नाव ऐकलं की लेबल बरोबर लागायचं. १९०८ मध्ये कोलकात्यातच कारखाना निघाला, पण नाव सांगायची रीत काही वर्षं टिकून राहिली.

या पहिल्या रेकॉर्डींत बायकांचा आवाज भरपूर आहे. त्या बायका कलावंतिणींच्या, नायकिणींच्या घरातल्या. चांगल्या म्हणवणाऱ्या घरातल्या बाईनं चारचौघांत गायचं नाही असा दंडक होता. त्यामुळं ज्यांना समाजानं उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्यांचाच आवाज आज शंभर वर्षांनी आपल्याला ऐकू येतो. उंबऱ्याआत राहिलेल्यांचा येत नाही.

मग १९४८ मध्ये अमेरिकेत लाँग प्ले रेकॉर्ड निघाली. ती प्लॅस्टिकची, फेरे मिनिटाला ३३ आणि वर थोडे, आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. आता नुसतं गाणं कशाला, अख्खी गोष्टच सांगता येईल, असं लोकांच्या मनात यायला लागलं. इंग्लंडातल्या पोरांनी १९६७ नंतर तेच केलं. बीटल्सनी आधी वाट पाडली, मग पिंक फ्लॉइड, येस, जेनेसिस, जेथ्रो टल अशी मंडळं आली. त्यांच्या गाण्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. जेथ्रो टलनं १९७२ मध्ये दोन्ही बाजू मिळून एकच गाणं असलेली रेकॉर्ड काढली. मध्ये थांबणं फक्त तबकडी उलटायला. आपल्याकडं रात्रभर चालणारं भजन नवं नाही, पण तिकडं ही मोठी गोष्ट झाली.

पिंक फ्लॉइडची १९७३ ची 'द डार्क साइड ऑफ द मून' ही त्या पोराच्या मते सगळ्यांत थोर. साधारण ४३ मिनिटांची. सुरुवातीला काळजाचे ठोके ऐकू येतात आणि शेवटीही तेच. मधे पैसा, घाई, म्हातारपण, वेड, मरण. अमेरिकेतल्या सर्वाधिक खपाच्या यादीत ती चौदा वर्षांहून जास्त टिकली. त्याचा मित्र म्हणत होता, नाही, येसची 'क्लोज टू द एज' मोठी. आम्ही दोन्ही ऐकल्या. येसची ऐकताना दोघी झोपल्या, हे कबूल करायला हरकत नाही.

पण 'डार्क साइड'मध्ये एक जागा आली आणि सगळ्या गप्प झाल्या. एक बाई गाते, पण शब्दच नाहीत. नुसता टाहो. कधी हंबरडा फोडल्यासारखा, कधी थकून कण्हल्यासारखा. आमच्यातली एक म्हणाली, "ही तर मौतीची रडती आहे." आणि खरंच ते गाणं मरणाविषयी आहे. आपल्याकडं मयताच्या घरी जाणत्या बाया जसं सुरावर रडतात तसं ते. गाणारीचं नाव क्लेअर टोरी. १९७३ च्या जानेवारीत, एका रविवारी तिला स्टुडिओत बोलावलं. शब्द नकोत, नुसता आवाज दे, म्हणाले. तिनं जे मनात आलं ते गायलं, आणि हे काही वापरणार नाहीत असं समजून घरी गेली. मजुरी मिळाली ३० पौंड. रविवार म्हणून दुप्पट दर लावला होता, तो धरून.

रेकॉर्ड कोट्यवधींनी खपली. तिच्यावर गायिका म्हणून क्लेअरचं नाव होतं, पण गाणं रचणाऱ्यांत नव्हतं. रचणारा म्हणून पेटीवाल्याचं, म्हणजे रिचर्ड राइटचं एकट्याचं नाव. आता चाल तिची, आलाप तिचा, चढउतार तिचे. मग रचलं कुणी? २००४ मध्ये ती कोर्टात गेली. २००५ मध्ये आपसात मिटलं, आणि तेव्हापासून रचनाकारांत राइटच्या शेजारी तिचं नाव छापतात. बत्तीस वर्षं गेली. आमच्या बैठकीत यावर जेवढी चर्चा झाली तेवढी गाण्यावर झाली नाही, कारण भांगलणीची मजुरी आणि सातबाऱ्यावरचं नाव या दोन गोष्टींतला फरक आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आणि एक सांगायचं राहिलं. ती रेकॉर्ड ईएमआयच्या स्टुडिओत झाली. आपल्याकडच्या रेकॉर्डींवर भोंग्यापुढं बसलेला कुत्रा असायचा ना, ती एचएमव्ही त्याच घरातली.

पोराला आम्ही म्हटलं, बाबा, अख्खी गोष्ट गाण्यांतून सांगायची तर ते आमच्याकडं तुझ्या पिंक फ्लॉइडच्या आधी झालंय. गीतरामायण! १९५५ ची रामनवमी, १ एप्रिल. आकाशवाणी पुणे केंद्रावर पहिलं गाणं वाजलं आणि मग दर आठवड्याला एक नवं. कल्पना केंद्रावरच्या सीताकांत लाडांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. बाबूजी तर जन्मानं कोल्हापूरचेच, आणि गदिमांनी सिनेमात पाऊल टाकलं तेही कोल्हापुरात, त्यामुळं आमचा जरा अभिमान धरून चाला. ठरवलेली गाणी ५२, पण त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून झाली ५६. इंग्लंडातल्या कुठल्या रेकॉर्डीला अधिक महिन्यानं चार गाणी जास्त दिली असतील का? जुनी माणसं सांगतात, रेडिओला हार घालून घरं ऐकायला बसायची. ज्यांच्याकडं रेडिओ नाही ती शेजारच्या ओट्यावर.

आता आमचं खरं भांडण इथं लागलं. रेडिओवर ती गाणी निरनिराळ्या गळ्यांतून आली होती. सीतेला माणिक वर्मा, कौसल्येला ललिता फडके, अहल्येला मालती पांडे. पुढं एचएमव्हीनं रेकॉर्डींचा संच काढला तो सगळा बाबूजींच्या एकट्याच्या आवाजात. आपल्या कानात बसलंय ते हेच. थोर कोणतं?

निम्म्या जणी म्हणाल्या, बाबूजींचंच. कीर्तनकार नाही का एकटाच राम होतो, एकटाच कैकेयी? शिवाय गीतरामायणाची मांडणीच अशी की लव-कुश रामापुढं कथा गाताहेत. गोष्ट सांगणारा एक असला म्हणून काय बिघडलं? हे म्हणणं बिनतोड आहे आणि आम्ही ते खोडू शकलो नाही. पण बाकीच्या जणी म्हणाल्या, गरोदर सीतेला रानात सोडलं, तिचं दुःख बाईच्या गळ्यातून आलं की निराळं लागतं. एकीनं तर सांगितलं, "बाबूजींचं ऐकलं की मला रामाची कीव येते. बाई गायली की सीतेची येते." आम्हा लिहिणाऱ्यांचा कौल रेडिओकडं आहे. मतदान घेतलं असतं तर बहुधा हरलो असतो.

तिसरं नाव निघालं केसरबाई केरकरांचं, आणि ते काढणाऱ्या बाई आमच्यात सगळ्यांत शिकलेल्या. केसरबाई गोव्यातल्या केरी गावच्या, जन्म १८९२. त्यांचे गुरू अल्लादिया खाँ हे शाहू महाराजांच्या दरबारातले गवई. देवल क्लबच्या परिसरात त्यांचा पुतळा आहे. खाँसाहेबांची स्वतःची एकही रेकॉर्ड नाही. त्यांचं गाणं कसं होतं हे कळायचं ते शिष्यांच्या गळ्यातून, म्हणजे पुन्हा बायकांच्याच: केसरबाई, मोगूबाई कुर्डीकर, आणि मोगूबाईंच्या लेक किशोरीताई आमोणकर. किशोरीताईंचा भूप लाँग प्ले रेकॉर्डीवर आला तेव्हा रागाला ऐसपैस जागा मिळाली. केसरबाईंच्या वाट्याला तीन मिनिटंच आली होती, आणि त्यांनी रेकॉर्डी दिल्याही मोजक्याच.

त्यातलीच एक भैरवी, 'जात कहाँ हो'. साडेतीन मिनिटांची. १९७७ मध्ये अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं आकाशात सोडली आणि दोन्हीवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी ठेवली. कुणी परग्रहवासी भेटलाच तर त्याला माणसांचा आवाज कळावा म्हणून. ५५ भाषांतले नमस्कार, त्यात आपली मराठीही, आणि साऱ्या जगातून निवडलेले संगीताचे २७ तुकडे. भारताकडून गेली ती ही भैरवी. रॉबर्ट ब्राउन नावाच्या संगीताच्या अभ्यासकानं ती सुचवली होती, पण रेकॉर्ड काही केल्या सापडेना. शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात ती मिळाली. व्हॉयेजर १ उडालं ५ सप्टेंबरला. केसरबाई वारल्या १६ सप्टेंबरला. आज ते यान अडीच हजार कोटी किलोमीटरच्या आसपास पोचलंय आणि अजून चाललंच आहे. 'डार्क साइड' त्यावर नाही. हे ऐकल्यावर पोरगा जरा नरमला.

मग वाद मिटला म्हणायचा का? आम्हीही तसंच समजून चहा ठेवला. तर कोपऱ्यातून आमच्या सगळ्यांत थोरल्या आत्ती म्हणाल्या, "आणि जात्याची रेकॉर्ड कुठं हाय?"

बरोबर होतं. गिरण्या आल्या आणि जाती अंगणात पालथी पडली. पहाटे दळताना बाया जे गायच्या, ते तीन मिनिटांत मावणारं नव्हतं. दळण संपेपर्यंत ओवी चालायची: माहेर, भाऊ, सासू, पंढरी, मेलेलं मूल. एका जात्यावरची ओवी दुसरीवर जायची, आणि रचली कुणी हे कुणालाच माहीत नाही. त्याची नोंद घेतली ती हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी. पुण्याच्या मावळ-मुळशीपासून सुरुवात करून त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्या गावोगावच्या बायांनी एक लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या, बऱ्याच गाऊनही घेतल्या. आता त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर फोनवरही ऐकता येतात, आणि ओवीशेजारी गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. आमच्या मते याहून मोठा अल्बम कुणी काढलेला नाही. पोराचं म्हणणं, यात निवड नाही, क्रम नाही, दोन बाजू नाहीत, याला अल्बम म्हणता येणार नाही. त्याचं हे म्हणणं आम्ही वहीत लिहून ठेवलंय.

मागल्या बैठकीला आम्ही आत्तींच्या पडवीतलं जातं धुऊन सरळ केलं, मूठभर नाचणी घातली आणि त्यांना बसवलं. पोराचा फोन उशाखाली ठेवला, म्हणजे त्यांना अवघड वाटायला नको. बावीस मिनिटं गायल्या. एकदा ठसका लागला, तो तसाच ठेवलाय. संपल्यावर आम्ही सांगितलं, आत्ती, आता गौहर जानसारखं नाव सांगा. त्यांनी सांगितलं ते माहेरचं. पन्नास वर्षांत ते नाव आमच्यापैकी कुणीच ऐकलेलं नव्हतं.

ती बावीस मिनिटं आता लगेच लावतो आहोत. गाणं सुरू असताना कुणी कुकर लावू नका.