माहूरच्या वाटेवरची दशमी

मराठवाड्यात यात्रेला निघताना शिदोरीत दशमी बांधण्याची रीत जुनी आहे. माहूरला रेणुकामातेचा गड, दत्तशिखर आणि अनसूया शिखर ही तिन्ही ठिकाणे करायची तर दिवस मोडतो. अशा वाटेवर ही गोड भाकरी हमखास उपयोगी पडते.

दशमीची कणीक पाण्यात नव्हे, दुधात भिजवतात. त्यामुळे ती खरकटी मानली जात नाही आणि सोवळे पाळणाऱ्यांनाही प्रवासात चालते. टिकण्याचे श्रेयही दुधालाच दिले जाते. परंतु दुधातही बहुतांश पाणीच असते. खरे काम गूळ आणि मंद आचेवरचे भाजणे करते.

दोन वाट्या कणकेला अर्धी वाटी चिरलेला गूळ पुरतो. तो कोमट दुधात विरघळवावा. कढत दुधात घातल्यास दूध फाटण्याचा संभव असतो. कणकेला तुपाचे मोहन आणि चिमूटभर मीठ लावून, या दुधात ती घट्ट भिजवावी. पोळीपेक्षा जाडसर लाटून तव्यावर सावकाश भाजावी. घाई केल्यास गूळ करपतो आणि आत कच्ची राहते. दशम्या पूर्ण निवल्यावरच फडक्यात बांधाव्यात. गरम असताना डब्यात भरल्यास वाफेने ओलसर होऊन लवकर बुरसतात.