एका राजाचीं तीन मुखें

सन १६३२ मध्यें फ्लँडर्सचा चित्रकार अँथनी व्हॅन डाइक लंडनला आला आणि इंग्लंडचा राजा पहिला चार्लस यानें त्याला आपला राजचित्रकार नेमून 'सर' हा किताब दिला. त्यानें राजाचीं अनेक भव्य चित्रें काढलीं. कोठें राजा अश्वारूढ आहे, तर कोठें पूर्ण राजवेषांत उभा आहे. परंतु सन १६३५-३६ मधील एक तैलचित्र या सर्वांहून निराळें आहे. सुमारें एक मीटर रुंदीच्या त्या पटावर एकच राजा तीन वेळां दिसतो: एकदां समोरून, एकदां बाजूनें, एकदां किंचित् वळलेला. मुकुट नाहीं, सिंहासन नाहीं. वेगवेगळ्या रंगांचे पोषाख, जाळीदार गळपट्ट्या आणि गार्टर या मानाची निळी फीत, एवढेंच.

हें चित्र दरबारांत मिरविण्यासाठीं नव्हतें. रोमचा थोर शिल्पकार बर्निनी राजाचा संगमरवरी अर्धपुतळा घडविणार होता; पण राजा लंडनांत आणि शिल्पकार रोममध्यें. समक्ष न पाहतां मूर्ति घडवावयाची तर मुख सर्व अंगांनीं दिसावयास हवें. म्हणून हा नमुना. पुतळा ही आठवे पोप अर्बन यांची राणी हेन्रिएटा मारिया हिला भेट होती. राणी कॅथॉलिक होती आणि इंग्लंड पुन्हां रोमच्या धर्मपीठाकडे वळेल, अशी आशा त्या भेटीमागें होती.

सन १६३७ मध्यें पुतळा इंग्लंडांत पोंचला आणि राजाराणी प्रसन्न झालीं. प्रजा मात्र राजाच्या अशा रोमस्नेहाकडे संशयानें पाहत होती. राजा केवळ ईश्वरालाच उत्तरदायी, अशी चार्लसची श्रद्धा. पार्लमेंटला ती मान्य नव्हती. सन १६४२ मध्यें यादवी युद्ध पेटलें आणि ३० जानेवारी १६४९ रोजीं व्हाइटहॉल राजवाड्यासमोर राजाचा शिरच्छेद झाला. त्याचा अमोल चित्रसंग्रह पार्लमेंटनें विकावयास काढला. पुढें १६९८ मध्यें व्हाइटहॉलला लागलेल्या आगींत बर्निनीचा पुतळाही नष्ट झाला.

नमुना मात्र रोममध्यें बर्निनीच्या वंशजांकडे राहिला, म्हणून त्या विक्रींतून आणि आगींतूनही वांचला. सन १८२२ मध्यें चौथ्या जॉर्ज राजानें तो विकत घेतला आणि तो इंग्लंडच्या राजसंग्रहांत परत आला. जो पाषाण चिरकाल टिकावा म्हणून घडविला, तो गेला. काम झाल्यावर ज्याची गरज उरणार नव्हती, तें कापडावरील चित्र राहिलें. मुकुटावांचून काढलेलीं तीं तीन मुखें आज राजाच्या अधिकाराची नव्हे, तर त्याच्या मनुष्यपणाची साक्ष देतात.