उघाडी नावाचा क्रॉन जॉब

गेल्या महिन्यात ऑफिसात एक गंमत झाली. रोज रात्री दोन वाजता आपोआप चालणारी एक स्क्रिप्ट एका सकाळी मेलेली सापडली. लिहिणारा दोन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून गेलेला, डॉक्युमेंटेशन शून्य, आणि अख्ख्या कोडमध्ये कॉमेंट एकच: 'याला हात लावू नका'. चार दिवस मी त्यातच होतो. पाचव्या दिवशी ती चालली. का चालली ते अजून नीट कळलेलं नाही, पण हे आमच्या मॅनेजरला सांगू नका :)

असो. त्याच आठवड्यात धो धो पाऊस होता आणि मी राहतो कळंबोलीत. इथे पावसाळ्यात लोक हवामानाच्या बातमीआधी भरतीची वेळ बघतात. जमीन सखल, शेजारी कासाडी नदी आणि पुढे पनवेलची खाडी. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आले की तळमजल्यावरचे लोक फ्रीजखाली विटा लावायला घेतात.

सिडकोची स्थापना १९७० ची. नवी मुंबई वसवताना तिच्या इंजिनिअरांनी यावर जो तोडगा काढला, तो म्हणजे होल्डिंग पाँड, मराठीत धारण तलाव. तलावाच्या खाडीकडच्या तोंडाला वरून बिजागरीवर टांगलेली झडप. ओहोटी असली की आतलं पाणी झडप ढकलून बाहेर जातं. भरती चढली की खाडीचंच पाणी बाहेरून झडप दाबून बंद करतं, आणि तोवर पावसाचं पाणी तलावात थांबतं. ना मोटर, ना वीज, ना माणूस. शिवाय भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, म्हणजे शेड्यूल रोज बदलतं, तरी कॉन्फिग फाइल नाही!

पेपरवाले याला कौतुकाने 'डच पद्धत' म्हणतात. डच लोकांबद्दल आदर आहेच, पण हेच यंत्र आपल्या रायगडच्या खाड्यांवर पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. त्याचं नाव उघाडी. खाडीच्या कडेने मातीचा बांध घालायचा, बांधात उघाडी बसवायची, पावसाच्या पाण्याने जमिनीतलं मीठ धुवून काढायचं आणि त्यात रता जातीचं लाल भात लावायचं. ही झाली खारजमीन.

१८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये याची माहिती मिळते. त्यातले बरेचसे बांध आंग्र्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, बांधले गेले. बाहेरचा मोठा बांध राखायची जबाबदारी शिलोत्रीदाराची, आतले छोटे बांध कसणाऱ्यांचे. म्हणजे कोड लिहिल्यावर शंभर वर्षांनी डॉक्युमेंटेशन, तेही परक्या साहेबाने केलेलं.

आणि त्यातही खरी गोष्ट कशी यावी? झडप आपोआप चालते हे खरं, पण ती चालती ठेवणारी माणसं होती. खेकडे बांधात बिळं करतात, ती आजच बुजवली नाहीत तर उधाणाला खांड पडते. झडपेत ओंडका अडकला की खारं पाणी गुपचूप आत येत राहतं, आणि एकदा शेतात शिरलं की पुढची काही वर्षं भात विसरा. हे सगळं माणसांच्या डोक्यात. पुढे बांधांची देखभाल नक्की कोणी करायची याचा घोळ वाढला. १९४८ साली खारजमिनींसाठी कायदा करावा लागला, १९७९ साली दुसरा. कुळकायद्याने जमीन कसणाऱ्याची झाली, जी व्हायलाच हवी होती. पण बाहेरचा बांध मात्र कोणाच्याच नावावर नसल्यासारखा झाला.

नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन संपादनात आली. त्यात शेतं होती, मिठागरं होती. सातबारा बदलले. आता सातबाऱ्यात 'कुठली उघाडी कुठल्या महिन्यात अडकते' असा रकाना नसतो. म्हणजे जमिनीचा ताबा घेतला, पण नॉलेज ट्रान्सफर झालंच नाही. पुढे शहरातल्या धारण तलावांत गाळ साचला, गाळावर खारफुटी वाढली. खारफुटी तोडायला हायकोर्टाची २००५ पासून बंदी आहे, २०१८ च्या निकालाने ती पक्की झाली. मला ही बंदी योग्यच वाटते. पण त्यामुळे गाळ काढणं हे आता नुसतं पोकलेनचं काम राहिलं नाही. आणि २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली, म्हणजे आणखी एक हँडओव्हर.

हे सगळं डोक्यात घोळत असताना ऑफिसातला एक मित्र म्हणाला, "आमच्या गावाला चल, आजोबा दाखवतील." गाव पेणकडचं. रविवारी दुपारी बांधावर पोचलो. आजोबांनी विचारलं, "आज तिथी कोणती रे?" मी मोबाइलवर भरतीचं कोष्टक शोधायला लागलो. मित्र म्हणाला, षष्ठी.

"सहा त्रिक अठरा, भागिले चार. साडेचारला पुरी भरती. इथे आत थोडी उशिरा."

तिथी गुणिले तीन भागिले चार. एका ओळीचं शेड्यूलर! मोबाइलवरही साडेचारच्या आसपासचीच वेळ निघाली.

झडप भरतीच्या बरीच आधी मिटायला लागली. पण पूर्ण मिटेना. कडेला पाण्याची एक प्लास्टिकची बाटली अडकली होती. आजोबांनी न बोलता बाजूची काठी उचलली, बाटली काढली, आणि झडप बसल्याचा आवाज आला. काठी त्यांनी परत होती तिथेच ठेवली.